पानगळीच्या चित्रातली कोरी जागा

रंगांच्या राज्यात कोरा कागद अशुभ मानत. चित्र कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत भरायचं. कुठे पांढरं राहिलं, तर ते चित्र करणाऱ्या रंगाची राहती वाटी उन्हात नेऊन ठेवत. तिथे रंग सुके, त्याला भेगा पडत.

त्या राज्यात गेरूबाई राहत होती. एका कडक उन्हाळ्यात तिची लेक शेंदरी वाटीतच सुकत चालली. गेरूबाईने पाण्याला हात जोडले. लेक ओली होऊ दे, माझ्या हातून जे चित्र होईल, त्यात तुझ्या नावाने तळहाताएवढी जागा कोरी सोडीन, असं ती बोलली. थेंब पडला. शेंदरी ओलसर झाली, हसली.

पुढे ऋतूंची चित्रं काढायचं ठरलं. देखरेखीला थोरल्या हिरवीकाकू. वसंत त्यांनी स्वतःच भरला, इतका दाट की वाऱ्यालाही आत शिरता येऊ नये. पानगळ गेरूबाईच्या वाट्याला आली. मायलेकींनी डोंगर केला, पायवाट केली, मधोमध झाड उभं केलं. मग एकेक पान हलक्या हाताने खाली उतरवलं आणि फांद्यांमधली जागा तशीच कोरी ठेवली.

हिरवीकाकू बघायला आल्या. "झाडाला टक्कल पाडलंस की गं, गेरू. सकाळपर्यंत भर ते. नाहीतर दोघी उन्हात."

 जिच्यासाठी गेरूबाई नवस बोलली, तिच्याच जिवावर आलं होतं. तिने कुंचला उचलला, तसा शेंदरीने तिचा हात धरला.

"आई, मी ओली आहे ना अजून? मग पाण्याची जागा राहू दे."

सकाळी चित्र चौकात लागलं. सगळे रंग जमले. फांद्यांमधल्या कोऱ्या जागेतून ऊन खाली आलं होतं. पायवाट उजळली होती, पडलेलं पान न् पान दिव्यासारखं दिसत होतं. त्या रंगांना ऊन ठाऊक होतं ते फक्त सुकवणारं. गेरूबाईने तिथूनच पाण्याला पुन्हा हात जोडले.

वाट्या उचलायला कुणी पुढे आलं नाही.  हिरवीकाकू आपल्या वसंतापाशी गेल्या, कुंचला ओला केला आणि दाट झाडीतलं एक पान अलगद टिपून घेतलं. तेवढ्या फटीतून त्यांच्या हातावर ऊन पडलं. त्यांनी हात मागे घेतला नाही.

ऐकणाऱ्या बायांनो, तुमचीही चित्रं भरत आली असतील. एक पान उचलून बघा.