तिघांचं तळं

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि गावाच्या उशाला एक तळं. तळं सगळ्यांचं, म्हणून त्याची राखण करायला गावानं मंडळ नेमलं होतं. नियम साधा होता: पदं तीन, माणसंही तीन. पाणी कधी सोडायचं ते अध्यक्षानं ठरवायचं. कार्यवाहानं शिंग फुंकून खाली नदीच्या पात्रातल्या लोकांना कळवायचं. आणि पाणी हाच गावाचा खजिना, म्हणून बांधावरच्या दाराचं चाक खजिनदारानं फिरवायचं.

अध्यक्षांना सारे तात्या म्हणत. माणूस सरळ आणि कामाला वाघ. म्हातारा खजिनदार थकून लेकीकडे राहायला गेला, तेव्हा तात्या म्हणाले, "दुसरा मिळेपर्यंत चाक मी बघतो." मग दुसरा कुणी शोधलाच नाही.

पुढच्या बैठकीत एकजण म्हणाला, "शिंगही तात्यांकडेच द्या की. एकहाती कारभार बरा. ना चर्चा, ना खोळंबा."

कार्यवाह होती एक तरुण मुलगी. शिकलेली, पण भारी भित्री. घरात भांडं पडलं तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

"नियम तर तिघांचा आहे ना," ती पुटपुटली.

"अगं बाई, सावली हलली तरी दचकतेस तू," शेजारची काकू म्हणाली. "वेळ आली तर शिंग फुंकशील की शिंगात लपशील?"

बैठक खो खो हसली. तात्या मात्र हसले नाहीत. "माझ्यावर विश्वास नाही का, पोरी?"

"आहे, तात्या. पण तुमच्याकडून काही राहून गेलं, तर तुम्हाला सांगणार कोण?"

तात्यांचा चेहरा उतरला. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. पण शिंग तिनं सोडलं नाही.

उन्हाळ्यात कोरड्या नदीच्या पात्रात लोक कलिंगडं लावत आणि खोपटी घालून पोराबाळांसह तिथंच राहत. एके दुपारी डोंगरमाथ्यावर वळीव कोसळला. खाली एक थेंब नाही, आणि तळं मात्र बघता बघता काठोकाठ भरलं. कार्यवाह मुलगी शिंग घेऊन धावत बांधावर पोचली. बांधातून गढूळ पाणी पाझरायला लागलं होतं आणि तात्यांचे दोन्ही हात चाकावर होते.

"तात्या, पात्रात कळवलंत?"

"कळवलं की."

"कुणाला पाठवलं?"

तात्यांच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. पाणी सोडायचं, खाली सांगायचं, असं ते वाटेभर मनाशी इतकं घोकत आले होते की सांगून झालं असंच त्यांना वाटत होतं. सांगितलं कुणालाच नव्हतं.

"आता वेळ नाही गं," त्यांचा आवाज फाटला. "बांध फुटला तर सगळंच जाईल."

"आत्ता सोडलंत तर ती माणसं जातील."

तिनं एक हात चाकावर दाबून धरला आणि दुसऱ्यानं शिंग ओठांना लावलं. नुसती हवाच गेली. तिनं डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि जीव एकवटून फुंकलं. शिंग वाजलं.

खाली एकच पळापळ झाली. कुणी पोर उचललं, कुणी शेळी. इकडे बांधाचा एक दगड निखळून घरंगळत गेला.

"सोडू?" तात्यांनी विचारलं.

"थांबा. एक म्हातारी चढतेय अजून."

म्हातारी मध्येच दम घ्यायला टेकली. पाझराची आता धार झाली होती. शेवटी कुणीतरी वरून हात दिला आणि म्हातारीला ओढून घेतलं.

"सोडा."

चाक फिरलं. पिकलेली कलिंगडं लोंढ्याबरोबर वाहून गेली. माणूस एकही गेलं नाही.

संध्याकाळी तात्या बैठकीत उभे राहिले. "चाक माझ्याकडून काढून घ्या. आज चाक फिरवायला माझा हात उठला होता, आणि अडवणारी ही एकटीच होती."

"पण तात्या, तुमच्याइतका भरवशाचा माणूस आणायचा कुठून?"

"भरवशाचा होतो, म्हणून तर मला कुणी विचारलं नाही," तात्या म्हणाले.

गावानं तिथंच नवा खजिनदार निवडला, आणि मगच बैठक उठली.

तात्पर्य: माणूस कितीही भला असो, सगळी पदं त्याच्या एकट्याच्या हाती देऊ नयेत; नाहीतर त्याला 'थांबा' म्हणणारं कुणी उरत नाही.