पाणचक्कीची दोन वर्षं

कोणे एके काळी, डोंगरांच्या कुशीत एक लहानसं, गरीब राज्य होतं. तिथला राजा मोठा हळवा होता.

एकदा सकाळी फिरताना त्याला येसू नावाची एक बाई दिसली. ती गरोदर होती. दळता दळता थकून, जात्यावर डोकं टेकून झोपली होती. तळहातांना फोड आले होते. घरोघरी बायकांची हीच दशा होती.

राजाने दवंडी पिटवली, "बायकांच्या हातचं जातं सोडवील त्याने दरबारात यावं."

दूरदेशचा एक व्यापारी आला. "महाराज, माझी आगीवर चालणारी चक्की महिन्याभरात सुरू होईल. जंगल आहे तोवर लाकूड जाळा. ते संपलं की मी काळा दगडी कोळसा आणून विकेन."

मग म्हातारे धोंडूसुतार पुढे आले. "ओढ्यावर पाणचक्की बसवू. उन्हाळ्यात पाणी कमी झालं, की टेकडीवर उभारलेली पवनचक्की चालेल. पण दोन वर्षं लागतील, महाराज."

दोन वर्षं! राजाच्या डोळ्यांसमोर ते फोड आले. निर्णय होईना. शेवटी तो येसूच्याच दारात गेला आणि सगळं सांगून म्हणाला, "बाई, दळायचं तुला आहे. तूच सांग."

येसू पदर सावरून उभी राहिली. "महाराज, माझ्या माहेरी आगीची चक्की बसली होती. पहिल्या वर्षी आम्ही फुगड्या घातल्या. पाच वर्षांत डोंगर बोडके झाले, झरे आटले. माझा धाकटा भाऊ धुराने खोकून खोकून गेला." तिने पोटावर हात ठेवला. "दोन वर्षं दळीन मी. पण या बाळाला मोकळा श्वास मिळू दे."

राजा खाली बसला आणि त्याने जात्याचा खुंटा धरला.

"अहो महाराज, हे काय!" येसू घाबरली.

"पाणचक्कीच बसवू. पण वाट पाहायला मी सांगतोय. मग कष्ट एकट्या तुझ्याच वाट्याला का यावेत?"

त्या दिवसापासून राजा रोज सकाळी कुणा ना कुणाच्या घरी पायलीभर धान्य दळू लागला. प्रधानजी लाजले, तेही बसू लागले. मग गावोगावचे पुरुषही आपापल्या घरी जात्याशी बसले.

दोन वर्षांनी ओढ्यावरचं चाक फिरलं. पुढच्या उन्हाळ्यात टेकडीवरच्या पवनचक्कीची शिडं वाऱ्याने फुगली. जंगल हिरवं राहिलं, ओढा वाहता राहिला.

तो व्यापारी शेजारच्या राज्यात गेला होता आणि तिथे त्याने आगीची चक्की बसवली होती. तिथलं जंगल संपलं, कोळशाचा भाव चढत गेला आणि एके दिवशी चक्की थांबली. तिथल्या बायका पुन्हा जात्यांकडे वळल्या. हे कळताच राजाने धोंडूसुतारांना बैलगाडीत बसवून तिकडे पाठवलं. निघताना म्हणाला, "बाबा, चक्की होईपर्यंत तिथल्या राजालाही दळायला बसवा."

तात्पर्य : उद्याचं पाणी आणि श्वास हिरावून न घेणारी शक्तीच निवडावी, आणि ती येईपर्यंतचे कष्ट सगळ्यांनी वाटून घ्यावेत.