सुनेची खोबण

डोंगराच्या कुशीत ती तांबडी खोबण दिसते ना, दोन माणसं आरामात बसतील एवढी, ती पावसाने पडलेली नाही. तसं सांगणारे बरेच येतात. मागे एकाने तर ती माझ्यासमोर टेपने मोजली आणि पाण्याचा लोट, पाण्याचा लोट करत बसला. मी इथला गुरव. देवीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराण्याकडे आहे, तेव्हा मला सांगू द्या. ती खोबण बोटांनी उकरलेली आहे. आणि इथे जांभळीला ज्या शंभरेक लोखंडी कढया टांगल्यात, गंजून ज्यांचे पापुद्रे निघतायत, त्यांचं आणि खोबणीचं मूळ एकच. त्या कढयांना हात जोडू नका. मला त्याचा फार वैताग येतो. का ते सांगतो, बसा.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. आमच्या साळशेतात चौगुल्यांचं घर मोठं. स्वयंपाकघरात सगळी कल्हई केलेली पितळेची भांडी. चुलीवर लोखंड चढू द्यायचे नाहीत, कारण लोखंडात आंबट घालून भाजी केली की ती काळी पडते आणि काळं अन्न त्यांच्यात अशुभ. वर रीत अशी की आधी पुरुष जेवणार, मग पोरं, मग सासू आणि सगळ्यांत शेवटी सून. तोवर पालेभाजीचं भांडं निपटलेलं असायचं. सुनेच्या वाट्याला भात आणि मीठ.

सुनेचं नाव गोजरा. पहिल्या बाळंतपणात तिचं मूल गेलं आणि ती स्वतः कशीबशी वाचली. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती पाण्याला जायचं निमित्त करून डोंगराकडे वळू लागली. ही तांबडी माती बोटांनी उकरायची आणि खायची. तिला राहवतच नसे, म्हणे. मातीने पोट भरतं, अंगात रक्त भरत नाही, पण हे तिला सांगणार कोण? सासूचं नाव येसाबाई. तिला कळलं तेव्हा तिने आधी मार दिला, मग भगत बोलावला, मग इथे वर काटेरी कुंपण घातलं. गोजरा हात ओरबाडून घेऊन माती खायची. एवढासा चढ चढताना तीन ठिकाणी बसायची. आख्ख्या गावाने ते पाहिलं आणि आख्खं गाव म्हणालं की पोर आळशी आहे.

ज्येष्ठाच्या तोंडाला नांगराचे फाळ ठोकून द्यायला घिसाड्यांची पालं आली. त्यांत राही नावाची एक घिसाडीण होती, नवऱ्यामागे भाता आणि घण एकटीने सांभाळणारी. तिने गोजराला चढावर बसलेलं पाहिलं. जवळ जाऊन तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून बघितली, तर आत पांढरंफटक. ती तशीच चौगुल्यांच्या दारात गेली आणि आपल्या हातची नवी कढई येसाबाईपुढे ठेवली.

"हिला भूतबीत काय न्हाई, बाई. हिच्या अंगात रगत न्हाई. ह्या कढईत रोज पाला शिजव, वर आवळा नायतर लिंबू दे, आन् आदी हिला वाढ. भाजी काळी व्हईल. हू दे."

एवढं सांगून ती निघाली आणि पालं पुढच्या गावाला गेली.

आता येसाबाईने काय करावं? लोखंड चुलीवर चढवायचं नाही, आणि दारात आलेल्या बाईने दिलेली वस्तू टाकवतही नाही. तिने कढईला हळदकुंकू लावलं, हिरव्या खणात बांधली आणि देवीपुढच्या जांभळीला टांगली. दर मंगळवारी नारळ. गावाला हे फारच पसंत पडलं. गोजरासुद्धा बिचारी मंगळवारी कढईला नमस्कार करायची आणि तिथूनच वर माती खायला जायची.

आश्विनात राही पुन्हा आली, विळ्यांना धार लावायला. लवकर पिकणारं हळवं भात लोंब्यांनी वाकलं होतं. गोजराला सातवा लागला होता आणि ती आता भिंतीला धरून चालत होती. राहीने झाडावरची कढई पाहिली. तिने कपाळावर हात मारून घेतला. मग जे बोलली ते डोंगरापलीकडे ऐकू गेलं, म्हणे.

"देवीच्या अंगात रगत कमी पडलंय व्हय? हिच्या पापनीत रंग दिसत न्हाई तवर ह्या गावात माजा भाता फुकनार न्हाई. ऱ्हाऊ द्या विळं बोथट."

तिने कढई उतरवली, खण सोडून देवीच्या पायाशी ठेवला, तीन दगड मांडले आणि झाडाखालीच पाला शिजवला.

गाव आधी हसलं. दुसरा लोहार तीन दिवसांच्या वाटेवर, आणि तोही इतर गावांत अडकलेला. चार दिवस गेले तसं भात गळायला लागलं आणि लोकांना घाम फुटला. मग ज्यांनी गोजराला आळशी ठरवलं होतं तेच बाप्ये रोज सकाळी चौगुल्यांच्या अंगणात उभे. जेवली का? किती जेवली? कोणी तांदुळजा आणला, कोणी शेवग्याचा पाला, कोणी पदरभर आवळे दिले. येसाबाईने पहिल्या दिवशी काळी भाजी उकिरड्यावर फेकली. राहीने पुन्हा केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाचव्या दिवशी गावाच्या बोलण्याला कंटाळून येसाबाईनेच कढई चुलीवर चढवली आणि सुनेला आधी वाढलं. घरातले पुरुष रिकाम्या ताटांवर बसून राहिले.

एकवीस दिवस हे चाललं. थोडं भात चिखलात गेलं ते गेलंच. एकविसाव्या सकाळी येसाबाईने स्वतःच्या बोटाने गोजराची पापणी उघडून पाहिली. आत फिकट गुलाबी. त्या दिवशी राहीचा भाता फुंकला गेला आणि गावाचा पहिला विळा भाताला लागला. मार्गशीर्षात गोजराला मुलगी झाली. दोघी जगल्या. राहीने जाताना एवढंच बजावलं की कढई चुलीवर राहू द्या, झाडावर दिसली तर मी परत येणार नाही.

तेव्हापासून साळशेतात रीत पडली. कापणीआधी प्रत्येक घरी लोखंडी कढईतली काळी भाजी, पहिला घास सुनेला, सासूने तिची पापणी उघडून बघायची, आणि आत रंग असेल तरच शेताला विळा लावायचा.

आणि आता बघा. कढई विकत आणतात, हळदकुंकू लावतात आणि झाडाला टांगतात. घरी जाऊन भाजी नॉनस्टिकमध्ये. सासू सुनेच्या डोळ्याखाली कुंकवाचं बोट टेकवते की झाली पापणी बघून. दरवर्षी ओरडतो मी. म्हणतात, गुरवबाबांचं वय झालं.

माझ्याच घरात काय वेगळं होतं? यंदा बायकोने सुनेला, आमच्या केतकीला, कुंकू लावलं आणि मला विळा दिला. पोरीला पाचवा महिना, आणि देवळाच्या पायऱ्या चढताना ती दोनदा बसली होती. मी पाहिलं होतं. मी पाहिलं आणि मनात म्हणालो, आजकालच्या मुलींना सवय नाही. शंभर वेळा ही गोष्ट सांगणारा मी. मग विळा हातात घेतल्यावर माझीच मला लाज वाटली. बायकोला म्हटलं, बोट टेकवू नको, उघडून बघ. तिने बघितलं आणि माझ्या हातातला विळा काढून घेतला.

त्या संध्याकाळी झाडावरची त्यातल्या त्यात बरी कढई उतरवून घरी नेली, गंज घासून काढला. गुरवाने देवीचं चोरलं म्हणून गावभर बोंब आहे. असू दे. केतकीला दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत, पाला मी आणतो, आणि ती पहिली जेवते.

मघाशी तुम्ही विचारलंत ना, खालचं सगळं शिवार कापून झालंय, मग तो एकच तुकडा उभा कसा? तो माझा. गळतंय भात, दिसतंय मला. आजही सकाळी पापणी पाहिली. अजून पांढरीच आहे.