सवतीला दिलेल्या पहिल्या पेल्याची कहाणी

ऐका जळदेवी, तुमची कहाणी. दूर पारस देशी एक आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. त्याच्या घरी रोज मेजवानी. हजार माणसांची पंगत, चांदीचे मंचक, जांभळे गालिचे. सोन्याचे पेले, एकाला सिंहाचं तोंड, एकाला बोकडाचं. मद्याचे बुधले रिते व्हावे नि भरावे. राजा झिरझिरीत पडद्याआड बसे. तो सगळ्यांना बघे, त्याला कुणी बघू नये.

त्याची राणी हुमाया. तिला जळदेवीचा वसा होता. दर पुनवेच्या पंगतीत पहिला पेला आपण भरावा, जिच्यापायी आपलं मन जळतं तिच्या हाती द्यावा, मग आपण प्यावं. हुमायाचं मन कुणावर जळत नव्हतं. ती हसतहसत एखाद्या दासीला पेला देई. वसा सोपा होता.

पुढं राजानं दुसरी राणी केली. तिचं नाव वर्दाना. मग काय झालं? पहिल्या पंगतीला राजानं वर्दानेला पडद्याआड बोलावलं. दुसऱ्या पंगतीला आपला पेला तिच्या ओठी लावला. तिसऱ्या पंगतीला पडद्याआडून राजाचं हसू आलं. हुमायानं मान फिरवली, पण कान तिथंच राहिले. तसं तो पूर्वी तिच्यापाशी हसे.

पुनव आली. दासी म्हणाली, "राणीसाहेब, पहिला पेला?" हुमाया म्हणाली, "त्या सटवीला मी मद्य ओतू? आधी माझा हात झडो!" पेला उचलला, आपणच प्याली. तो काय झालं? मद्य तोंडात आंबट झालं. दुसरा बुधला फोडला, आंबट. तिसरा फोडला, आंबट. बाकी पंगतीला मात्र मधासारखं गोड.

हुमाया भर पंगतीत ओरडली, "वर्दानेनं माझ्या पेल्यात काही घातलं!" राजा बाहेर आला. तिचाच पेला चाखला, तर गोड. म्हणाला, "जिला माझं मद्य आंबट लागतं, तिला माझ्या पंगतीत जागा नाही." तिच्या हाती मातीचा पेला दिला. त्या देशी याहून मोठी बेअब्रू नाही. मग तिला डोंगरापलीकडच्या द्राक्षमळ्यात धाडलं.

हुमाया द्राक्षं खुडी, पायांनी तुडवी. नगरातून कुणी आलं की विचारी, "ती काय नेसली होती? कुठं बसली होती?" ऐकून रडे, नि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी.

वर्ष सरलं. एके दुपारी वाटेनं एक बाई आली. पायांवर धूळ, हातात मातीचा पेला. बघते तो वर्दाना! राजानं तिसरी राणी केली होती. हुमायाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हणाली, "ये, बाई, ये. कसं वाटतंय?"

वर्दाना म्हणाली, "तुम्हाला वाटलं तसंच, ताई. पण मी तर तिथं बसूनही जळत होते. महाराज माझ्या हाती पेला देत नि म्हणत, हुमाया असा धरायची, हुमाया असं बोलायची. रोज तुमचंच नाव. एक घोट कधी सुखानं गिळला नाही."

हुमाया उठली. त्या दिवशी पुनव होती. तिनं मडक्यातून पेला भरला. अर्धं मद्य सांडलं. उरलेलं वर्दानेच्या हाती दिलं. वर्दाना प्याली. मग हुमाया प्याली. घोट गोड लागला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

पुढं राजा शिकारीला आला. तहान लागली, मळ्यात शिरला. दोघींनी मद्य दिलं. राजा म्हणाला, "हुमाये, चूक झाली. चल, तुझी जागा तुला देतो."

"आणि वर्दाना?"

"ती राहू दे इथंच."

हुमायाच्या काळजात एक जुनी कळ उठली. हेच शब्द ऐकायला तिनं वर्षभर कान टवकारले होते. ती म्हणाली, "मग मीही इथंच बरी, महाराज."

राजा रागावला. घोड्यावर बसला, निघाला. उतारावर थांबला, खाली मान घालून परत आला. म्हणाला, "दोघी चला."

दोघी एका रथात बसून नगरात आल्या. पंगत बसली. तिसरी राणी दाराशी उभी, डोळे लाल, ओठ दाबलेले. हुमायानं पेला भरला, तिच्यापुढं धरला. ती म्हणाली, "मला कुणाचं काही नको." हुमाया पेला धरून तशीच उभी राहिली. हात भरून आला तरी उभी राहिली. मग त्या पोरीनं पेला घेतला.

जळदेवी हुमायाला जशी पावली, तशी तुम्हां-आम्हां ऐकणारणींना पावो. घेतला वसा कुणाकडून न सुटो, कुणाचा घोट आंबट न होवो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरी फळाला आली, गोड झाली.