डोंगराएवढा गुंडा आणि एक फाटकी गोणी

“आपला आणि पलीकडच्या राज्याचा, वीस वर्षांचा ताग माझ्यासमोर या चौरंगावर मांडून दाखव! वर्षाशेजारी वर्ष! आठ दिवसांत जमलं नाही, तर तुझा माग जप्त!”

राजा उग्रकेतूने असा हुकूम सोडला आणि गोणपाट विणणाऱ्या हैबतीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचा गुन्हा काय, तर भर बाजारात तो बोलून गेला, “नदीपलीकडे ताग आपल्यापेक्षा जास्त मिळतो हो!”

आता असं बोलायचं असतं का? राजवाड्याच्या अंगणात डोंगराएवढा सुतळीचा गुंडा उभा होता. राज्यातला ताग दरवर्षी त्याच्यावर गुंडाळला जाई. पाहुणा आला की राजा त्याला खिडकीशी नेई आणि म्हणे, “बघा, आमच्याकडे तागाचा केवढा सुकाळ!” पाहुणेही शहाणे. जेवण व्हायचं असल्यामुळे माना डोलवत.

हैबती घरी येऊन मागाला टेकून बसला. गुंड्यातून वाचलेला मूठभर ताग विणून विकायचा, याशिवाय घरात पोट भरण्याचं दुसरं साधन नव्हतं.

“वीस वर्षांचा ताग चौरंगावर मावेल का गं, सगुणा?”

त्याची मुलगी सगुणा कोपऱ्यात बाजरीची गोणी उलटी करून झटकत होती. गोणीच्या बुडाकडे बघता बघता तिचा हात थांबला.

“मावेल की, आबा. घडी घातली तर जागा उरेल!”

आठव्या दिवशी तिने दरबारात चौरंगावर ती जुनी गोणी ठेवली. दरबारी नाकाला उपरणी लावून मागे सरकले. प्रधान विश्वंभरपंत खेकसले, “पोरी, वीस वर्षांचा ताग कुठाय?”

“हा काय! गोणी ओढून ओढून बूड झिजतं. आई दरवर्षी मळणीआधी जुन्या ठिगळावर नवं ठिगळ लावते. वीस वर्षं, वीस ठिगळं. काठाचा दोरा निळा असेल तर गोणपाट आपलं, तांबडा असेल तर पलीकडचं. एवढं तर दरबारातही ठाऊक असेल?”

“असतं, असतं!” पंत घाईघाईने म्हणाले.

सगुणाने टाके उसवत वरचं ठिगळ उचललं. “हे यंदाचं. तांबडं. हे गेल्या वर्षीचं. तांबडं. हे त्याच्या आधीचं...”

“तांबडं!” मागून कोणीतरी उत्साहाने ओरडलं आणि राजाने वळून पाहताच खांबाआड गेलं.

एकामागून एक बारा ठिगळं तांबडी निघाली. तेरावं निळं, आणि त्याखालची सगळी निळी.

“तिकडचे लोक दर मळणीला नवी गोणी घेतात आणि जुनी फेकून देतात,” सगुणा म्हणाली. “ती फेकलेली गोणी आम्ही सीमेवरच्या बाजारातून ठिगळासाठी आणतो. आणि तीसुद्धा मिळावी म्हणून पहाटे रांग लावतो!”

“बारा वर्षांपूर्वी असं झालं तरी काय?” राजाने विचारलं.

सगळा दरबार खिडकीबाहेरच्या गुंड्याकडे बघू लागला. पंत मात्र छताकडे बघू लागले. गुंड्याची कल्पना त्यांची होती.

राजा गुरगुरला, “हे एका घरचं रडगाणं! माझ्या राजवाड्यात असलं परकं फडकं सापडेल का?”

“महाराज, दरबारात शिरताना सगळ्यांनी पाय कशाला पुसले?”

शिपायाने दारातलं पायपुसणं उचलून आणलं. काठाला तांबडाबुंद दोरा!

राजाने पायपुसण्याकडे पाहिलं, गुंड्याकडे पाहिलं, आणि त्याला असं हसू फुटलं की मुकुट कानावर आला. “पंत, अंगणात तागाचा डोंगर, आणि पाय पुसायला शेजाऱ्याची चिंधी! पोरी, माग तुमचाच. वर बक्षीस सांग!”

“फार काही नको, महाराज. गुंड्याचं टोक तेवढं हातात द्या. ते धरून मी घरी चालत जाते. जेवढी सुतळी सुटेल, तेवढी लोकांची.”

“एवढंच? दिलं! घर कुठे तुझं?”

“राज्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. आणि वाटेतल्या प्रत्येक गावात माझं कोणी ना कोणी आहे. भेटल्याशिवाय गेले तर रुसतील हो!”

राजा पुन्हा खो खो हसला. शब्द तर देऊन बसला होता!

सगुणा टोक धरून निघाली. मागून गावोगावचे लोक आपापल्या वेशीतली सुतळी कापून मागावर नेऊ लागले. अंगणातला गुंडा गरगर फिरत हत्तीएवढा झाला, मग माठाएवढा, आणि शेवटी नारळाएवढा उरला.

राजाने तो उचलून खिडकीत ठेवला. अजूनही पाहुणा आला की तो त्याला तिथे नेतो आणि छाती फुगवून सांगतो, “बघा, आमच्याकडे तागाचा केवढा सुकाळ! माझ्या वाट्याला एवढासाच उरलाय!”