सारातली पिठी

दक्षिण चीनमध्ये नदीकाठच्या एका गावात ग्वेईझेन नावाची एक विधवा मुलासुनेबरोबर राहत होती. मुलगा दाचंग होडीतून माल वाहायचा. सून रुईफांग कामाला चलाख आणि बोलायला कमी. लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस गेले, तेव्हा म्हातारीला आभाळ ठेंगणं झालं.

ग्वेईझेन आठ वर्षांची असताना त्या मुलखात मोठा दुष्काळ पडला होता. तिची आई तेव्हा गरोदर होती आणि झाडाच्या साली उकळून त्यांचं पाणी पीत होती. बाळ जन्मलं ते मुठीएवढं. तीन दिवसांत ते गेलं, आणि त्याच्यामागून आईही गेली. तेव्हापासून एकच गोष्ट ग्वेईझेनच्या मनात घट्ट बसली होती. पोटुशी बाई अर्धपोटी राहता कामा नये.

सहाव्या महिन्यात दवाखान्यात रुईफांगचं रक्त तपासलं, तर साखर वाढलेली निघाली. नर्सबाईंनी तिला समजावलं की हा गरोदरपणातला मधुमेह आहे, घाबरायचं कारण नाही, पण खाणं सांभाळायला हवं. सकाळची भाताची पेज बंद, त्याऐवजी अंडं आणि टोफू. दुपारी आधी पालेभाजी आणि मासा, मग एक लहान वाटी भात. उपाशी मुळीच राहायचं नाही, थोडं थोडं पाच वेळा खायचं आणि जेवल्यावर चालायचं. घरात स्वयंपाक कोण करतं, असंही त्यांनी विचारलं आणि पुढच्या खेपेला सासूला घेऊन यायला सांगितलं.

ग्वेईझेन गेली नाही. कधी तिचे गुडघे दुखत होते, कधी कोंबड्यांकडे बघायला कुणी नव्हतं. खरं तर तिला ते ऐकायचंच नव्हतं. भात कमी करायचा म्हटलं की तिला ते तीन दिवसांचं बाळ दिसायचं.

भांडण मात्र तिनं केलं नाही. सून सांगेल तेवढाच भात ती वाढायची. पण माशाच्या सारात मूठभर तांदळाची पिठी कालवायची. बाळाला बळ यावं म्हणून जो काढा द्यायची, त्यात लाल बोरं आणि खडीसाखर उकळायची. काढा इतका कडू, की गोडी जिभेला कळायचीच नाही. सुनेनं वाडगा रिकामा केला की म्हातारीचा जीव भांड्यात पडायचा.

रुईफांग रोज बोट टोचून यंत्रावर साखर बघायची. आकडा काही खाली येईना. आपलंच काही चुकतंय असं तिला वाटलं. तिनं वाटीतला भात आणखी कमी केला. पाय सुजले तरी ती शेताच्या बांधावरून चालत राहिली. एका दुपारी ती चुलीपाशी येऊन बसली.

"आई, मी सगळं सांगितल्यासारखं करते," ती म्हणाली. "मग माझं चुकतंय कुठं?"

ग्वेईझेनचा हात थबकला. खरं सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं. पण सून काय म्हणेल, मुलगा काय म्हणेल, आणि पिठी थांबली तर बाळाचं काय होईल, या भीतीनं तिनं शब्द गिळले.

"यंत्रच बिघडलं असेल," ती म्हणाली आणि सार ढवळत राहिली.

रुईफांगचा सासूवर विश्वास होता. तिनं यंत्र कपाटात ठेवून दिलं. दवाखान्याची पुढची खेपही चुकवली. ती गेली असती तर इन्सुलिन द्यायला हवं हे नर्सबाईंना कळलं असतं, ते राहूनच गेलं.

नववा महिना भरत आला आणि कळा सुरू झाल्या. आईच्या रक्तातल्या वाढलेल्या साखरेनं बाळ फार मोठं झालं होतं. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. डॉक्टरांनी शर्थ केली. मुलगी वाचली, आईही वाचली, पण त्या ओढाताणीत बाळाच्या खांद्याजवळच्या नसांना इजा झाली. उजवा हात लुळा पडला.

नर्सबाईंनी रुईफांगला काय काय खात होतीस ते विचारलं. तिनं सगळं खरं सांगितलं. त्या बुचकळ्यात पडल्या. दाचंग मात्र बायकोकडे रोखून बघू लागला.

"लपूनछपून खात होतीस का?" त्यानं विचारलं.

रुईफांगनं मान खाली घातली. कोपऱ्यात उभ्या असलेल्या ग्वेईझेनला आता राहवेना.

"तिला बोलू नकोस," ती म्हणाली. "तिनं नाही खाल्लं. मीच तिच्या नकळत खाऊ घातलं." आणि तिनं पिठीचं, बोरांचं, खडीसाखरेचं सगळं सांगितलं. दुष्काळातल्या बाळाचंही सांगितलं.

मग रुईफांग हळूच म्हणाली, "तुम्ही मला उपाशी ठेवलं नाहीत, आई. पण मी विचारलं, तेव्हा खरंही सांगितलं नाहीत."

पुढं मुलीची बोटं हलू लागली, पण हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. रुईफांग सासूशी पूर्वीसारखीच आदरानं बोलायची. फक्त तिच्या हातचं काही खायची नाही.

तात्पर्य: मायेपोटी झालेली चूक वेळेवर कबूल केली तर सुधारता येते, लपवली, तर ज्याच्यावर माया केली त्यालाच ती भोगावी लागते.