इटू निरोप आणि घंटीची टिंग टिंग

दूर जहाजावरून बाबांनी जुईला निरोप पाठवला. निरोप एवढुस्सा. त्याचं नाव इटू.

तुरू तुरू, तुरू तुरू. इटू आला आईच्या कॉम्प्युटरमध्ये. आता पडद्यावर चढायचं, जुईशी बोलायचं! पण छे, कुठलं काय!

टिंग! "सेल लागलाय!" टिंग! "नवा खेळ घ्या!" टिंग! "केक मागवा!"

नको त्या अ‍ॅपची ही झुंबड! ढुशी बसली, इटू कोपऱ्यात घरंगळला. त्याची जागा गेली. इटूला रडूच आलं. तिकडे जुई बाबांची वाट बघत होती ना!

इटू गेला टिंग टिंग करणाऱ्या घंटीकडे.
"घंटीताई, घंटीताई, थांब ना. मी जाऊ कसा?"
घंटी म्हणाली, "नको ते निरोप अडवणाऱ्या चाळणीने चाळलं, तर थांबेन."

तुरू तुरू, तुरू तुरू.
"चाळणीमावशी, चाळणीमावशी, चाळ ना. घंटी थांबेना, मी जाऊ कसा?"
चाळणी म्हणाली, "माऊस धावला, तर चाळेन."

तुरू तुरू, तुरू तुरू.
"माऊसदादा, माऊसदादा, धाव ना. चाळणी चाळेना, घंटी थांबेना, मी जाऊ कसा?"
माऊस म्हणाला, "आईचं बोट हललं, तर धावेन."

तुरू तुरू, तुरू तुरू.
"बोटराव, बोटराव, हला ना. माऊस धावेना, चाळणी चाळेना, घंटी थांबेना, मी जाऊ कसा?"
बोट म्हणालं, "जुई रुसलीय. तिला थोपटतोय. ती हसली, तर हलेन."

तुरू तुरू, तुरू तुरू.
"जुई, जुई, हस ना. बोट हलेना, माऊस धावेना, चाळणी चाळेना, घंटी थांबेना, मी जाऊ कसा?"
जुई मुसमुसत म्हणाली, "बाबांचा निरोप आला, तर हसेन."

अगं बाई! मग हा कोण?

पडद्यावर चढल्याशिवाय निरोपाने पाठवणाऱ्याच्या आवाजात बोलायचं नसतं. तशी रीतच आहे. पण इटूला राहवेना. बाबांच्या आवाजात तो हळूच म्हणाला, "जुऊऊई!"

जुई हसली!
जुई हसली, बोट हललं.
बोट हललं, माऊस धावला.
माऊस धावला, चाळणीने चाळलं. सळ् सळ् सळ्! सेल अडकला, खेळ अडकला, केक अडकला. एवढुस्सा इटू तेवढा टुपकन बाहेर आला.
चाळणीने चाळलं, घंटी थांबली.

घर कसं गप्प झालं. इटू पडद्यावर चढला, आपल्या जागी बसला आणि म्हणाला, "जुई, इथे पाणीच पाणी. तुझी फार आठवण येते गं, बाळा."

जुईने पडद्याला गाल लावला. "बाबा, परत म्हण."

इटूने परत म्हटलं. परत म्हटलं. इटू म्हणत राहिला, जुईचं मन भरेना.